न्यूमनचे तीन गोल

डॅलरॉक, एअरशर
रविवार, ४ मार्च १९७९

ह्यूई,

अक्षर ओळखलं असशीलच. न वाचता फाडणार असशील तर दोन ओळी थांब, कामाचं आधी सांगतो. शेगडीवरच्या फळीवरचं आईचं घड्याळ तुला द्यायचं, असं ती स्वतः सांगून गेली. मी ते बंद करून कापडात गुंडाळून ठेवलंय. कुठे पाठवू ते कळव.

जानेवारीतली तार तुला मिळाली हे तुझ्या फुलांवरून कळलं. आईच्या मातीला तू नव्हतास म्हणून गावात कोणी नावं ठेवली नाहीत. ऑस्ट्रेलियातल्या खाणीतून डॅलरॉकला येणं म्हणजे काही खायचं काम नाही. फुलांवरच्या चिठ्ठीत फक्त तिचं नाव होतं. बावीस वर्षं नाताळच्या कार्डावर तू 'घरच्या सगळ्यांना' एवढंच लिहीत आलास. त्या सगळ्यांत मला धरलं होतंस का, हे मी कधी विचारलं नाही. आता विचारायला आईचा आडोसाही राहिला नाही.

माझं म्हणशील तर ठीक चाललंय. पब चालतो. गुडघा थंडीत दुखतो. नान म्हणते, तू आता गोलपोस्टच्या रुंदीचा झालास, गोल मारायला नको, नुसता आडवा हो. नान म्हणजे माझी बायको. तू तिला पाहिलेलं नाहीस.

माझ्या जुन्या फुटबॉल क्लबाला, इन्व्हरगार्थ रोव्हर्सला, यंदा शंभर वर्षं होतायत. सात एप्रिलला घरचा सामना आहे. त्यात मध्यंतराला मला मैदानावर बोलावून 'शतकाचा स्ट्रायकर' म्हणून सन्मान करणार आहेत. चौदा हंगाम, दोनशे बारा गोल, आणि स्कॉटलंडकडून एक सामना. त्या सामन्यात मी तीन पावलांवरून हेडर बाहेर घातला, ते इथे अजून कोणी विसरलेलं नाही. पबात रोज एक तरी शहाणा ग्लास पुढे सरकवत म्हणतो, "आर्ची, नीट बघून ओत, बाहेर घालशील!"

परवा पेपरचा बातमीदार आला होता. त्याला माझी नेहमीची गोष्ट सांगितली. क्लबात पहिल्या दिवशी गेलो तर माझ्या खुंटीला कोरे बूट टांगलेले, नऊ नंबरचे. माझा पाय आठ. कंजूष क्लब, दुसऱ्या कुणासाठी आणलेले माझ्या गळ्यात मारले. वर्तमानपत्राचे बोळे कोंबून अख्खा हंगाम काढला आणि त्यातच एकोणीस गोल मारले. हेच बूट पबात बारच्या वर काचेच्या पेटीत ठेवलेत. लोक दरवेळी हसतात. तू ही गोष्ट ऐकली नसशील. ती सांगायला लागलो तोवर तू निघून गेला होतास.

घड्याळाचं कळव.

आर्ची


डॅलरॉक
रविवार, १८ मार्च

ह्यूई,

उत्तर नाही. टपालाला आठवडा लागतो हे धरूनही नाही. असो. आता माझंच काम निघालंय.

मिस इम्री आठवते ना? शाळेतली. आपल्या दोघांच्या हातावर तिच्या पट्ट्याचे वळ उठलेले. पंचाहत्तरीची झाली, डोळ्यांवर भिंग घेऊन क्लबाच्या शंभर वर्षांचं पुस्तक लिहितेय. सात तारखेच्या कार्यक्रमपत्रिकेचं पहिलं पानही तीच करतेय. तिला एका मेलेल्या छायाचित्रकाराच्या पेटाऱ्यात काचेवरचं एक चित्र सापडलं. ७ एप्रिल १९५६. रोव्हर्सचा राखीव संघ. ट्रायलचा सामना.

आपल्याकडची ती जुनी चाल तुला सांगायला नको. ट्रायलला बोलावलेल्या पोराचं खरं नाव यादीत घालायचं नाही, नाहीतर दुसरा क्लब पळवून नेईल. त्या जागी सरळ 'न्यूमन', म्हणजे नवा माणूस, छापायचं. त्या शनिवारीही तेच छापलं होतं. न्यूमनने तीन गोल मारले, तिन्ही डाव्या पायाने. पुढच्या गुरुवारी मी सही केली. तेव्हापासून सगळं इन्व्हरगार्थ सांगत आलंय की गिलफिलन म्हणजे नाव मिळायच्या आधी तीन गोल मारलेला गडी. शाळेतली पोरं खेळताना 'मी न्यूमन, मी न्यूमन' करून भांडतात.

त्या दिवशी मैदानावर मी नव्हतो, तू होतास. हे जगात दोघांना ठाऊक आहे. माझा घोटा बसच्या पायरीवर मुरगळला आणि तू माझे बूट घालून आत गेलास.

तर मिस इम्रीने मला घरी बोलावलं, चहा दिला, चित्र पुढे ठेवलं.

"आर्ची, हा तूच ना रे?"

"मीच की, मिस. बघा केस केवढे होते तेव्हा."

तिने भिंग माझ्या हातात दिलं. चित्रात तू हवेत आहेस, चेंडू नुकताच पायावरून सुटलाय, तोंड पलीकडे वळलेलं. नुसते लाल केस आणि उंची. कोणीही म्हणावं आर्ची. पण डावा हात पुढे पसरलेला.

"मोज," ती म्हणाली.

मी मोजली. साडेचार बोटं.

"चोपन्न साली कोळशाच्या डब्याखाली बोट गेलं ते ह्यूईचं," ती म्हणाली. "पट्टी बांधलेला हात घेऊन तो माझ्याकडे उजव्या हाताने लिहायचा सराव करायला यायचा. तुझं बोट मला तरी आत्ता शाबूत दिसतंय. की परत उगवलं?"

मी हसायला गेलो, पण हसू आलं नाही. म्हणालो, जुनी काच आहे, डाग पडला असेल. तिने चहाचा घोट घेतला. म्हणाली, "चित्राखालची ओळ मी कोरी ठेवलीय. पाच तारखेला छपाई. तोवर काय लिहायचं ते सांग."

ह्यूई, तुला एकच मागतो. तिला चार शब्द लिही. 'तो आर्चीच होता, मिस.' बस. म्हातारी माझ्यावर विश्वास ठेवणार नाही, तुझ्यावर ठेवील. तू खोटं बोलत नाहीस हे तिला पहिल्या इयत्तेपासून माहीत आहे. तुला तिकडे काय फरक पडणार? मला इथेच राहायचंय. या गावात माझ्याजवळ दुसरं काही नाही रे.

आर्ची


डॅलरॉक
रविवार, २५ मार्च

ह्यूई,

मागचं पत्र पेटीत टाकलं आणि पेटीपाशीच उभा राहिलो. हात आत जात असता तर परत काढून घेतलं असतं. तुझ्याकडून जे चोरलं, त्याची पावतीही तुझ्याकडूनच मागितली. नानला यातलं काही ठाऊक नाही. ती म्हणते, तू आठवडाभर काचेच्या पेटीकडे बघत ग्लास पुसतोयस, एकच ग्लास.

घोटा मुरगळला नव्हता.

बस इन्व्हरगार्थच्या स्टँडवर थांबली आणि माझी पाचावर धारण बसली. गावात चिखलाच्या मैदानावर गोल मारणं वेगळं, आणि तिथे मॅनेजर गॅलरीत बसून बघणार होता. मी स्टँडवरच्या संडासात जाऊन कडी लावली. तू दारावर थाप मारून म्हणालास, "आर्ची, पंधरा मिनिटं राहिलीत. काय झालं?" मी आतून ओरडलो, घोटा गेला, उभं राहवत नाही. तू म्हणालास, "दाराखालून बूट सरकव." एवढंच. शिव्या नाहीत, काही नाही. पहिली पाळी करून खाणीतून थेट आला होतास, पायांचा कोळसाही धड निघाला नव्हता. क्लबात मला ओळखणारा एकच माणूस, ज्याने शिफारस केली तो, त्या दिवशी दुसऱ्या गावी गेला होता. तू आत जाऊन नुसतं 'गिलफिलन' म्हणालास.

मी कुंपणापलीकडून पाहिलं. मी तसा कधीच खेळलो नाही. दोनशे बारा गोल मारूनही नाही.

येताना बसमध्ये तू म्हणालास, घरी सांगू आर्चीने तीन मारले, उगाच बाबा तुला घालून पाडून बोलायला नकोत. आणि म्हणालास, "क्लबाचं पत्र आलंच, तर मी जाऊन खरं काय ते सांगतो. मग त्यांना कोण हवा तो ठरवू देत." तुझ्या चेहऱ्यावर जे दिसत होतं, ते मी तोवर कधी पाहिलं नव्हतं. तुला पहिल्यांदाच काहीतरी स्वतःसाठी हवं होतं.

सोमवारी तू खाणीतून काळा होऊन आलास. दारातच विचारलंस, "पोस्टमन आला होता का रे?" मी म्हणालो, नाही.

मंगळवारी विचारलंस. नाही.

बुधवारी विचारलंस, तेव्हा नुसता भुवया उंचावून, शब्द न काढता. मी मान हलवली.

पत्र सोमवारीच आलं होतं. मी फाटकापाशी उभा राहून पोस्टमनच्या हातातून घेतलं. 'श्री. गिलफिलन यांस, शनिवारचा खेळ पसंत पडला, गुरुवारी तीन वाजता सहीसाठी यावे.' वाचलं आणि शेगडीत टाकलं. गुरुवारी तू खाणीत असताना गेलो आणि सही केली. संध्याकाळी जेवताना सांगितलं की मला परत ट्रायलला बोलावलं होतं, घेतलं. आईने माझ्या ताटात आणखी खिमा वाढला. तू बटाटा कुस्करत म्हणालास, "चांगलं झालं." ऑगस्टात तू गेलास. धक्क्यावर आईशी बोललास, बाबांशी बोललास, माझ्याकडे बघून टोपी नीट केलीस.

तुला काही कळलं की नाही, हे मला अजून माहीत नाही. कळलं असेल म्हणून मी बावीस वर्षं घाबरलो. कळलं नसेल तर तू माझ्याशी का बोलत नाहीस, हे कोडं त्याहून वाईट होतं.

आई शेवटच्या दिवसांत विचारायची, "पोस्टमन आला का रे?" तुझ्या पत्रासाठी. मी 'नाही' म्हणायचो आणि बाहेर जाऊन उभा राहायचो. तेव्हा ते खरं असायचं.

मिस इम्रीला काही लिहू नकोस. एवढं सांगायला हे पत्र.

आर्ची


डॅलरॉक
गुरुवार, ५ एप्रिल, दुपार

ह्यूई,

आज छपाई होती. सकाळी दाढी केली, चांगला कोट घातला, सगळं बोलायचं ठरवून मिस इम्रीच्या दारात गेलो. तिने दार उघडलं आणि माझ्या तोंडून निघालं, "खाली नुसतं 'न्यूमन' छापा, मिस. तेव्हा छापलं होतं तेच. ते काही खोटं नाही."

"खोटं नाहीच," ती म्हणाली. "तेवीस वर्षं तेच तर छापतोय आपण."

मी टोपी हातात घेऊन उभा. वाटलं, पट्टा काढते की काय.

"ठीक आहे," ती म्हणाली. "न्यूमन छापते. पण शनिवारी माइक तुझ्या हातात देणार आहेत, आर्ची. तिथे छापखान्याचा खिळा नाही नि शाई नाही. आता जा, बिस्किटं भाजतेय मी."

पुन्हा शेपूट घातली. स्टँडवरच्या संडासाची कडी अजून लागलेलीच आहे म्हण. घरी आलो आणि नानला सगळं सांगितलं, निदान एकाला तरी. तिने हातातला ग्लास खाली ठेवला. मग विचारलं, "ह्यूईचा पाय केवढा होता रे?" मी म्हणालो, आता हे काय मध्येच? ती म्हणाली, "काही नाही, सहज." आणि बारच्या वर बघत राहिली.

शनिवारी चार हजार माणसं येणार. जाऊ नये असंही वाटतं. आजारी पडणं मला चांगलं जमतं.

आर्ची


डॅलरॉक
रविवार, ८ एप्रिल

ह्यूई,

गेलो.

मध्यंतराला पाऊस भुरभुरत होता. अध्यक्षांनी भाषण केलं, न्यूमनच्या तीन गोलांवर चांगली पाच मिनिटं. शेडखालचे लोक गरम मटणाची पाई खात टाळ्या वाजवत होते. चार हजार कार्यक्रमपत्रिकांवर तू हवेत, डोक्यावर धरलेला, भिजत असलेला. मग माइक माझ्या हातात आला.

मी म्हणालो, "पहिल्या पानावरचं चित्र बघा. डावा हात बघा. तो मी नाही. तो माझा मोठा भाऊ ह्यू गिलफिलन. तीन गोल त्याचे. मी त्या वेळी भीतीने संडासात बसलो होतो. त्याला आलेलं सहीचं पत्र मी जाळलं. पुढचे दोनशे बारा माझे आहेत, पण ते मारायची जागा त्याची होती."

कागद उलगडल्याचे आवाज आले. सगळे बोटं मोजत होते. मग शेडमधून एकजण ओरडला:

"मग त्यालाच का नाही खेळवलं रे? तो हेडर तरी आत गेला असता!"

एक हशा उसळला, आणि मागून शिट्ट्या आल्या, हुर्यो आली. माझ्या चौदा हंगामांत घरच्या लोकांनी माझी हुर्यो केली नव्हती. सन्मानाचं चांदीचं तबक मी टेबलावरच ठेवलं. अध्यक्ष कोणाकडे बघावं ते न कळून माइकची वायर गुंडाळत होते. मिस इम्री पुढच्या रांगेत छत्री धरून सरळ बसली होती. टाळी वाजवली नाही तिने. नुसती मान हलवली, गणित बरोबर आल्यावर हलवायची तशी.

आता जे सांगायचंय ते यापुढचं आहे.

आत जायच्या बोळात वॉटी मीकल बसला होता. आमचा जुना ट्रेनर, एक्क्याऐंशीचा, काठीवर हनुवटी टेकवून. म्हणाला, "ये. बस. उशीर केलास, पण आलास."

"तुला माहीत होतं, वॉटी?"

"लेका, मी पोटऱ्या चोळणारा माणूस, तोंडं कोण बघतंय. ट्रायलच्या शनिवारी जी पोटरी चोळली तिच्या घडीघडीत कोळसा होता. गुरुवारी सही करायला आली ती पोटरी गोरीपान."

"मग बोलला का नाहीस?"

"बोलणारच होतो. मॅनेजरसाहेबांकडे निघालो होतो. तेवढ्यात शुक्रवारी तुझा भाऊ आला."

ह्यूई, मी त्याच्याजवळ खाली बसलो.

वॉटी म्हणाला, "तपकिरी कागदात बांधलेलं पुडकं काखेत. म्हणाला, गिलफिलनची सही झाली का? मी म्हटलं, झाली काल. पण मला वाटतं भलत्याच गिलफिलनची झाली, चल, साहेबांना सांगू. तर जागचा हलेना. बराच वेळ आपल्या हाताकडे बघत राहिला. मग म्हणाला, नको. आईने काल आनंदाने दोनदा वाढलं त्याला. आणि पुडकं उघडलं. कोरे बूट. शनिवारी रात्री दुकान बंद व्हायच्या आत घेतले होते म्हणे, स्वतःसाठी. म्हणाला, हे त्याच्या खुंटीला टांग, त्याचे तळाशी फाटलेत. माझे आहेत असं सांगू नकोस, घालायचा नाही. मी म्हटलं, त्याच्या मापाचे आहेत का? तर म्हणतो, नाहीत. माझ्या मापाचे आहेत."

मग वॉटीने काठी उचलून माझ्या डाव्या नडगीवर हळूच मारली. "जाताना दारातून परत वळला. म्हणाला, याला डावा पाय शिकव, नाहीतर साहेब ओळखतील."

म्हणून तो अख्खा उन्हाळा वॉटीने माझ्या उजव्या पायात घरातली सपात घातली आणि डाव्यात बूट. उजव्याने मारलं की बोटं ठेचायची. मी त्याला शिव्या घालायचो. माझा डावा पाय, ज्यावर पेपरवाल्यांनी रकाने भरले, तोही तुझाच निघाला.

तुला सगळं ठाऊक होतं. आणि मी ते बूट दुनियेला दाखवून हसत होतो, 'दुसऱ्या कुणासाठी आणलेले' म्हणून. पहिल्या पत्रात तुलाही तोच विनोद लिहून पाठवला. वाचताना तुला काय वाटलं असेल, याचा विचार करवत नाही.

माफ कर, असं लिहायला बसलो होतो. तीन वेळा लिहिलं आणि खोडलं. त्या शब्दात तू माझ्यासाठी पुन्हा काहीतरी करावंस अशीच मागणी आहे, आणि तू माझ्यासाठी पुरेसं केलंस.

काल रात्री पबात गिऱ्हाईक नव्हतं. कोणी आलंच नाही. नानने स्टुलावर चढून काचेची पेटी खाली काढली. मी बुटांना चरबी चोळली, नाड्या नव्या घातल्या. आईचं घड्याळ आणि बूट एकाच खोक्यात बांधलेत, सोमवारी जहाजाने निघतील. तुझा पत्ता तुझ्या शेवटच्या कार्डावरून घेतलाय.

आत कोंबलेले वर्तमानपत्राचे बोळे तेवीस वर्षं तसेच होते. ते मी काढून टाकले. तुला लागायचे नाहीत.

आर्ची